आजारी, बेवारस मांजराचे पिलू आणि महिनाअखेरचे पंधराशे रुपये

पोवईनाका यांचा प्रश्न

नमस्कार. मी साताऱ्यात एका जुन्या वाड्यात भाड्याची खोली घेऊन राहते आणि खासगी कार्यालयात नोकरी करते. काल संध्याकाळी पाऊस चालू असताना वाड्याच्या जिन्याखाली मांजराचे एक पिलू ओरडत होते. त्याची आई उरलेली पिले घेऊन समोरच्या गोदामात गेल्याचे घरमालकीण काकूंनी पाहिले होते; हे एकटे मागे राहिले. रात्री उशिरापर्यंत वाट पाहिली, परंतु ती परत आली नाही, म्हणून पिलू खोलीत आणले.

त्याची स्थिती अशी आहे. डावा डोळा पिवळ्या, चिकट चिपडांनी पूर्ण मिटलेला आहे आणि उजवा अर्धवट उघडतो. ते सारखे शिंकते व नाक चोंदलेले आहे. पुढचे बारीक दात व सुळे आलेले आहेत, डोळ्यांचा रंग निळसर आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर वजन ३८० ग्रॅम भरले. काकूंनी मायेने बशीत गाईचे दूध ठेवले होते. ते थोडे प्यायले आणि आज सकाळपासून त्याला पातळ जुलाब होत आहेत. अंगावर पिसवाही दिसतात.

पगार होईपर्यंत माझ्याकडे या कामासाठी पंधराशे रुपये आहेत, त्याहून अधिक खरोखरच नाहीत. हे पैसे आधी कशावर खर्च करावेत? औषधांच्या दुकानातून डोळ्यांचे थेंब आणि एखादे प्रतिजैविक घेतले, तर डॉक्टरांचा खर्च वाचेल का? दिवसा मी कामावर असते, त्या वेळात त्याला खोलीत एकटे ठेवता येईल का? कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उंबरठा

ताई, तुम्ही दिलेल्या वर्णनावरून पिलू साधारण पाच आठवड्यांचे वाटते. या वयाच्या निरोगी पिलाचे वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे तुमचे पिलू अशक्त आहे, परंतु अगदी हाताबाहेर गेलेले नाही. दात आलेले असल्यामुळे बाटलीने दूध पाजण्याचा आणि दर दोन तासांनी रात्री उठण्याचा प्रश्न उरला नाही. खर्चाच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली, कारण पिलांसाठीच्या दुधाच्या भुकटीचा एक डबा तुमच्या बजेटचा मोठा भाग खाऊन टाकतो.

पैशांकडे वळण्याआधी जे फुकट आहे ते करून घ्या, आणि ते याच क्रमाने करा: ऊब, मग पाणी, मग अन्न. गारठलेल्या पिलाला खाऊ घालू नये. शरीर थंड असताना आतड्यांचे काम मंदावते, अन्न पोटात तसेच पडून राहते आणि गिळताना ठसका लागून ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मुद्दाम थंड राहू द्या, म्हणजे उकडल्यास पिलाला सरकता येईल. पाणी निवले की बाटलीच त्याच्या अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून ती वेळेवर बदलावी लागते. साताऱ्याच्या पावसाळी हवेत हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नका.

अंग उबदार झाले की पाणी. जुलाब होत असल्यामुळे औषधांच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा आणि सुई नसलेल्या सिरिंजने, गालाच्या बाजूने, एका वेळी एक-दोन मिलिलिटर द्या. पिलू पोटावर बसलेले असावे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरून पाजल्यास द्रव श्वासनलिकेत उतरतो. त्याला उलट्या होत असतील किंवा ते गिळतच नसेल, तर तोंडावाटे काहीही देऊ नका आणि थेट डॉक्टरांकडे जा.

गाईचे दूध आजपासून बंद करा. मांजरीच्या दुधाच्या मानाने त्यात प्रथिने व स्निग्धांश कमी असतात, आणि त्यातली दुग्धशर्करा पुष्कळ पिलांना पचत नाही. जुलाबाचे एक कारण तेच असू शकते. त्याऐवजी चिकनच्या दुकानातून थोडे बिनहाडाचे मांस आणा, मीठ, हळद, कांदा, लसूण काहीही न घालता शिजवा, बारीक कुस्करा आणि त्याच पाण्यात पातळ करून कोमट असतानाच द्या. कोमट असणे महत्त्वाचे आहे, कारण मांजर आधी वासावरून अन्न ओळखते. नाक चोंदलेल्या पिलाला थंड अन्नाचा वास लागत नाही आणि भूक असूनही ते तोंड फिरवते. वाढत्या पिलाला दर शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे वीस किलोकॅलरी लागतात. तुमच्या पिलाच्या बाबतीत हा हिशेब शिजवलेल्या पन्नासेक ग्रॅम चिकनचा होतो, आणि तेही चार-पाच वेळांत विभागून. पंधराशे रुपयांत अन्नाची चिंता करण्याचे कारण नाही.

पिसवांसाठी उवांची बारीक दातांची फणी आणा. कुत्र्यांसाठी मिळणारी पावडर किंवा मानेवर सोडायचे औषध अजिबात लावू नका. त्यांपैकी अनेकांत परमेथ्रिन असते आणि ते मांजरांना झटके आणून मारू शकते. त्यापेक्षा साध्या भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात मानेखालून अंघोळ घाला व लगेच कोरडे करा.

औषधांच्या दुकानाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पिलू डॉक्टरांनी तपासण्याआधी ओआरएस, कापूस आणि सिरिंज यांखेरीज तेथे एक रुपयाही खर्च करू नका.

अजिंक्यतारा

मी याच शहरातला आहे. आमच्याकडे पूर्वीपासून मांजरे आहेत आणि डॉक्टरकडे नेण्याची वेळ क्वचितच आली. सर्दीसाठी कापूर घातलेल्या पाण्याची वाफ द्यावी, डोळ्यांना हळदीचे पाणी लावावे, आणि अंग तापलेले असेल तर लहान मुलांचे पॅरासिटामॉलचे दोन-तीन थेंब द्यावेत. रस्त्यावरची पिले काटक असतात, निसर्ग त्यांना सांभाळतो. ताईंनी उगाच धास्ती घेऊ नये असे मला वाटते. खोली मात्र फिनेलने रोज पुसून घ्यावी.

गोठा ते दवाखाना

मी जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी पशुवैद्य, म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. वरच्या प्रतिसादातील हेतू चांगला आहे, परंतु त्यातील एका सूचनेमुळे पिलू एका दिवसात दगावू शकते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

पॅरासिटामॉल मांजराला कोणत्याही मात्रेत देऊ नये. माणसाचे यकृत हे औषध ज्या मार्गाने निकामी करून बाहेर टाकते, तो मार्ग मांजरांत फार दुबळा असतो. त्यामुळे औषधापासून तयार होणारे विषारी घटक साचतात, रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा व पंजे सुजतात. किलोमागे दहा मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आता ३८० ग्रॅमच्या पिलाचा हिशेब करा: चार मिलिग्रॅम. बाळांच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे बाटलीतला एकच थेंब ही मर्यादा ओलांडतो. आयब्युप्रोफेनसारखी माणसांची अन्य वेदनाशामकेही तितकीच वर्ज्य आहेत.

कापूर व निलगिरीचे तेलही मांजरांना बाधते. वाफ अवश्य द्यावी, पण ती साध्या पाण्याची: न्हाणीघराचे दार लावून बादलीत कढत पाणी घ्या आणि पिलाला मांडीवर घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसा. फिनेल आणि तत्सम जंतुनाशकांतील फिनॉल वर्गाची द्रव्ये मांजर पंजे चाटताना पोटात घेते, म्हणून फरशी साबणाच्या पाण्याने पुसलेली बरी.

आता डोळ्यांविषयी. शिंका, वाहणारे नाक आणि चिकटलेले डोळे ही लक्षणे एकत्र आली म्हणजे पिलांमध्ये बहुतेक वेळा नागीणवर्गातील विषाणू किंवा कॅलिसिव्हायरस हे मूळ कारण असते, आणि त्यावर जिवाणूंचा संसर्ग चढतो. यापैकी नागीणवर्गातील विषाणू बुबुळावर जखम करतो. औषधांच्या दुकानात डोळे लाल झाल्याबद्दल जे स्वस्त थेंब सहज हातात ठेवले जातात, त्यांपैकी अनेकांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड मिसळलेले असते. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड गेले तर ती भरून येत नाही, खोल जाते, डोळ्यात फूल पडते आणि कधी बुबुळ फाटून डोळाच जातो. जखम आहे की नाही हे नुसत्या नजरेने खात्रीने कळत नाही. डोळ्यात हिरवट रंग देणारी एक पट्टी लावून ते पाहावे लागते, आणि ती तपासणी महाग नसते. तुम्ही विचारले होते की थेंब विकत घेतल्यास डॉक्टरांचा खर्च वाचेल का. पन्नास रुपयांचे चुकीचे थेंब घातले, तर पुढे डोळा काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च उभा राहू शकतो.

तपासणी होईपर्यंत डोळे फक्त स्वच्छ ठेवा. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात साडेचार ग्रॅम मीठ विरघळवा, निववा, त्यात कापूस भिजवून तो मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ धरून ठेवा. चिपडे मऊ झाली की नाकाच्या बाजूकडून बाहेर पुसत जा. ओढून पापण्या उघडू नका, आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस वापरा. हे पाणी रोज नवे करावे. मीठ मोजण्याची सोय नसेल तर सलाईनची शंभर मिलिलिटरची सर्वांत लहान बाटली आणावी.

डॉक्टरांची एक भेट ही तुमच्या पैशांतील सर्वांत मोठी आणि सर्वांत आवश्यक बाब आहे. त्या भेटीत डोळ्याची वरील तपासणी, छाती ऐकणे, ताप पाहणे आणि पाणी कमी पडले असल्यास कातडीखाली सलाईन देणे, इतके व्हावे. लहान पिलाच्या खांद्यांमागच्या सैल कातडीखाली सलाईन सोडले की ते हळूहळू शोषले जाते. शिरेतून देण्यासाठी दाखल करण्याची गरज प्रत्येक वेळी नसते, आणि खर्चात तर फारच फरक पडतो. पिलाचे सर्वसाधारण तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते ९९ च्या खाली किंवा १०४ च्या वर असेल, तोंड उघडे ठेवून पोट हलवत श्वास चालला असेल, किंवा मान टाकून पिलू पडून असेल, तर पगाराची वा सकाळची वाट पाहू नका.

एका गोष्टीबद्दल 'उंबरठा' यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. सर्दीने बेजार झालेल्या पिलाला पहिल्याच दिवशी अंघोळ घालणे मला धोक्याचे वाटते, विशेषतः पावसाळ्यात. हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असतील तर फणी पुरेशी आहे. पिसवा साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवत जा. परंतु हिरड्या पांढुरक्या पडलेल्या असतील, तर पिसवांनी एवढे रक्त प्यालेले असते की अंघोळीचा धोका पत्करावाच लागतो, कारण त्या वजनाच्या पिलाच्या अंगात रक्तच किती असणार.

पोवईनाका

सर्वांचे मनापासून आभार. 'अजिंक्यतारा' काका, राग मानू नका, पण तुमचा प्रतिसाद वाचून मी खरोखरच थेंब आणायला निघाले होते. डॉक्टरांचा प्रतिसाद वेळेत आला.

आज पिलाला शहरातील एका खासगी दवाखान्यात नेले. तपासणीचे चारशे रुपये झाले. डाव्या बुबुळावर वरवरची लहान जखम असल्याचे रंगाच्या पट्टीने दिसले. छाती स्वच्छ आहे. ताप १०३.२ होता. कातडीखाली सलाईन दिले, डोळ्यांसाठी स्टेरॉइडविरहित मलम आणि पोटात घेण्यासाठी डॉक्सिसायक्लिनचे द्रव औषध लिहून दिले. सर्व मिळून आठशे दहा रुपये खर्च झाले. हिरड्या फिकट गुलाबी आहेत, म्हणून अंघोळ घातलेली नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. विषाणूचा आजार असताना प्रतिजैविक कशासाठी, हे दवाखान्यातल्या गर्दीत विचारायचे राहून गेले. दुसरे, एका ओळखीच्या व्यक्तीने या विषाणूवर उपयोगी म्हणून लायसिन या पूरक द्रव्याची भुकटी सुचवली आहे, ती साडेतीनशे रुपयांना आहे; घ्यावी का? आणि तिसरे, डोळ्यात मलम घालताना पिलाने माझ्या मनगटावर ओरखडा काढला, किंचित रक्त आले. एवढ्याशा पिलाचा ओरखडा मनावर घ्यावा का?

गोठा ते दवाखाना

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण ते पिलाविषयी नसून तुमच्याविषयी आहे. होय, मनावर घ्यावा, आणि आजच घ्यावा. ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवा, त्यावर हळद, चुना किंवा अन्य काही लावू नका, आणि जिल्हा रुग्णालयात जा. रेबीज मांजरांपासूनही होतो, पिलाचे वय लहान असल्याने तो धोका नाहीसा होत नाही, आणि ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही अशा जनावराच्या बाबतीत अंदाज बांधत बसण्याची ही गोष्टच नव्हे. लक्षणे दिसू लागल्यावर या आजारावर उपाय उरत नाही. रक्त आलेला ओरखडा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीत मोडतो, त्यामुळे लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते. ते तेथील डॉक्टर ठरवतील. सरकारी रुग्णालयात लस विनामूल्य मिळते, तेव्हा तुमच्या उरलेल्या पैशांना हात लागणार नाही. कुत्रा किंवा मांजर दहा दिवस नजरेखाली राहून निरोगी राहिल्यास उरलेल्या मात्रांविषयी वेगळा विचार करता येतो, पण सुरुवात त्या दहा दिवसांसाठी थांबवायची नसते. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयीही तेथेच विचारा.

प्रतिजैविक विषाणूला मारत नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. विषाणूने नाकाचे व डोळ्यांचे अस्तर सोलवटून टाकले की तेथे जिवाणू बस्तान बसवतात. पिवळा घट्ट स्राव हे त्याचेच चिन्ह असते, आणि पिले न्यूमोनियाने जातात ती या दुसऱ्या टप्प्यात. शिवाय मांजरांत डोळे येण्यास कारणीभूत असणारा क्लॅमिडिया हा जिवाणू डॉक्सिसायक्लिनला दाद देतो, म्हणून या लक्षणांत ते औषध सहसा निवडले जाते. ते दिल्यावर लगेच थोडे पाणी किंवा पातळ अन्न अवश्य द्या, कारण औषध अन्ननलिकेत अडकून राहिल्यास तेथे जखम होऊन नलिका आकसू शकते. गोळीच्या रूपात हा धोका जास्त असतो. तुम्हाला द्रव औषध मिळाले हे उत्तम. पिलू टवटवीत दिसू लागले म्हणून औषध मध्येच थांबवू नका.

लायसिन घेऊ नका. एके काळी आम्हीही ते सुचवत असू, परंतु त्याचा उपयोग होत नाही असेच नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले. त्या साडेतीनशे रुपयांत पिलाचे कित्येक दिवसांचे खाणे होईल.

नीरेकाठ

मी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात शिकतो. ताईंनी जवळचा खासगी दवाखाना निवडला ते योग्यच झाले, कारण इतक्या आजारी पिलाला पावसात एसटीने लांब नेणे त्याला मानवले नसते. मात्र हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी काही माहिती द्यावीशी वाटते. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये नागपूर, मुंबईतील परळ, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत आणि त्यांच्याशी जोडलेल्या चिकित्सालयांत लहान प्राण्यांची तपासणी खासगी दरांपेक्षा बरीच कमी पैशांत होते. मुंबईकरांसाठी परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. प्राण्यांसाठीचे हे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. तालुका व जिल्हा पातळीवरची पशुवैद्यकीय चिकित्सालये मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी असल्यासारखी वाटतात, पण मांजर घेऊन गेल्यास परत पाठवावे असा काही नियम नाही. केसपेपरचे शुल्क नाममात्र असते. सकाळी वेळेवर गेल्यास डॉक्टर भेटतात. दुपारी ते बहुधा गावांत फेरीवर असतात. औषध बाहेरून लिहून दिल्यास त्याच घटकाचे स्वस्त औषध चालेल का, असे संकोच न करता विचारावे.

एक धोक्याची सूचना. पिलाला अचानक उलट्या सुरू झाल्या, जुलाबात रक्त दिसले, किंवा ते पाण्याच्या वाटीवर मान झुकवून नुसते बसून राहिले, तर ही साधी सर्दी नव्हे असे समजावे. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा पार्व्हो जातीच्या विषाणूचा आजार असाच सुरू होतो, पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात आणि लस न घेतलेली पिले मोठ्या प्रमाणात दगावतात. तेथे घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. हा विषाणू खोलीत वर्षभरसुद्धा टिकतो आणि साबणाला किंवा फिनेलला दाद देत नाही. कपडे धुण्याच्या ब्लीचचा एक भाग बत्तीस भाग पाण्यात मिसळून, पिलाला दुसरीकडे ठेवून, फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावा लागतो. वाड्यात दुसऱ्या कोणाची मांजरे असतील तर तूर्तास त्यांच्या भांड्यांपासून व तुमच्या कपड्यांपासूनही अंतर राखावे. सर्दीचा विषाणूही हाताकपड्यांवरून पसरतो.

उंबरठा

डॉक्टरांचे अंघोळीबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. हिरड्या पाहण्याची कसोटी मी लिहायला हवी होती.

ताई, कामाच्या वेळेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. पाच आठवड्यांचे पिलू आठ तास एकटे राहू शकते, पण मोकळ्या खोलीत नव्हे. मोठे खोके किंवा भाजीचा प्लास्टिकचा क्रेट घ्या, एका कोपऱ्यात गुंडाळलेली गरम बाटली, दुसऱ्या टोकाला उथळ ताटलीत वाळू किंवा वर्तमानपत्राचे कपटे. विकत मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी वाळू या वयात नको, पिले ती खातात आणि पोटात अडकते. सकाळी निघताना व संध्याकाळी आल्यावर भरपेट, आणि काकू तयार असतील तर दुपारी एकदा त्यांच्याकडून. त्यांना फक्त एवढेच सांगा की बशीत दूध नको. आपल्याकडे मांजर म्हटले की दूध-भात आणि दूध-पोळी हे समीकरण इतके पक्के आहे की ते मोडायला वेळ लागतो. परंतु मांजराला टॉरिन नावाचे एक द्रव्य मांसाहारातूनच मिळवावे लागते. ते कमी पडल्यास पुढे दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते.

त्याचप्रमाणे नुसत्या चिकनवरही त्याला महिनोन्महिने ठेवू नका. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नसते, त्यामुळे वाढत्या पिलाचे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते आणि साध्या उडीने पाय मोडतात. आता आजारपणात चिकन ठीक आहे. पगार झाला की पिलांसाठीचे कोरडे खाद्य थोडे आणा, कोमट पाण्यात भिजवा आणि हळूहळू चिकनच्या जागी द्या.

वजन रोज एकाच वेळी करून लिहून ठेवा. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ अपेक्षित असते. शिंका कमी-अधिक होत राहतात, त्यावरून काही कळत नाही. पण वजन घटले तर पिलू कितीही खेळत असले तरी डॉक्टरांना फोन करा.

पोवईनाका

रुग्णालयात जाऊन आले. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही मिळाले, पैसे लागले नाहीत. पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या आहेत.

पिलाचे वजन ४२५ ग्रॅम झाले आहे. डावा डोळा आता उघडतो, बुबुळावर किंचित धूसरपणा आहे. दवाखान्यात फेरतपासणीला बोलावले आहे आणि त्याचे शुल्क निम्मे आहे असे सांगितले. जुलाब थांबले. चिकन, ओआरएस, कापूस, फणी आणि वाळू धरून माझ्याकडे अजून साडेचारशे रुपये शिल्लक आहेत. हे जंतांच्या औषधावर खर्च करावेत की लसीसाठी राखून ठेवावेत? काकूंनी पिलू ठेवून घेण्याची तयारी दाखवली आहे, मात्र त्यांची सून गरोदर आहे, त्यामुळे त्या थोड्या साशंक आहेत.

गोठा ते दवाखाना

जंतांचे औषध आधी. बेवारस पिलांच्या पोटात गोलकृमी जवळजवळ गृहीतच धरावेत, आणि पायरँटेलसारखे औषध अगदी स्वस्त असते. फेरतपासणीच्या दिवशी नव्या वजनावर मात्रा काढून घ्या. दोन आठवड्यांनी ते पुन्हा द्यावे लागेल. लस तशीही आजारी पिलाला देत नाहीत. ते पूर्ण बरे होऊन आठ आठवड्यांचे झाले की त्रिगुणी लशीची (सर्दीचे दोन्ही विषाणू व पॅनल्युकोपेनिया यांवरची) पहिली मात्रा, त्यानंतर सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढच्या मात्रा, आणि बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची लस. म्हणजे पहिल्या लशीचा खर्च पुढच्या पगारावर ढकलता येईल.

काकूंच्या सुनेची शंका रास्त आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि गरोदरपणात तो गर्भाला घातक असतो. मात्र विष्ठा बाहेर पडल्यावर तिच्यातील परजीवी संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. म्हणून वाळूची ताटली रोज, न चुकता आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी साफ करावी, सुनेने त्या कामाला हात लावू नये, पिलाला कच्चे मांस देऊ नये. तिच्या प्रसूतितज्ज्ञांनाही घरात मांजर येणार असल्याचे सांगून ठेवावे. तिचे बाळंतपण होईपर्यंत पिलू तुमच्याच खोलीत राहू शकले, तर सर्वांत सोयीचे.

मलम मात्र धूसरपणा गेला असे वाटले तरी फेरतपासणीपर्यंत चालू ठेवा, आणि त्या दिवशी रंगाची पट्टी पुन्हा लावून घेतल्याशिवाय निघू नका.